सोडणाऱ्यांचे मंडळ कुठे आहे?

एखाद्या घरात पिणारा माणूस आहे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते. ठाऊक नसल्याचे सोंगही सारी गल्ली मिळूनच करते. घरची बाई सांगते, "ह्यांना बरं नाही." शेजारीण म्हणते, "हवाच तशी आहे हो." या सोंगाला आपण अब्रू म्हणतो. ही अब्रू माणसे मारते, आणि त्या कामी आमच्यासारखे शिकलेले, व्याख्याने झोडणारे लोक सर्वांत पुढे आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. आमच्या नाट्यवेड्या सीमाभागात सिंधूसाठी किती पदर ओले झाले असतील! पण त्या नाटकातली एक गोष्ट आम्ही पाहूनही पाहिली नाही. पिणाऱ्यांसाठी तिथे तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आहे. सोडू पाहणाऱ्या सुधाकरासाठी मात्र कोणतेच मंडळ नाही. शंभर वर्षे उलटली. आमच्याकडे भजनी मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत. कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला साहित्य संमेलने भरतात. सुधाकराने संध्याकाळी सात वाजता जायचे कुठे?

असे मंडळ अमेरिकेत १९३५ साली ॲक्रन गावी जमले. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. दोघेही अट्टल पिणारे. पिणाऱ्याने पिणाऱ्याशी मन मोकळे केले तर दोघांचेही पिणे टळते, एवढाच त्यांचा शोध. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजेच 'एए', निघाली. दारू सोडण्याची इच्छा हवी, एवढीच सभासदत्वाची अट. फी नाही. बाहेरची देणगी घेत नाहीत. जागेचे भाडे आपसांत पैसे जमवून भरतात. (आपल्या कुठल्या मंडळाबद्दल असे लिहिता येईल?) घरच्या माणसांसाठी 'अल-ॲनॉन' १९५१ साली निघाली. हा भाबडेपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कॉक्रेनचा २०२० सालचा आढावा पाहावा. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसे. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही वाट प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीची, पुष्कळदा सरस ठरली.

आता माझ्या घरचे सांगतो. त्यावाचून मला बोलण्याचा अधिकार नाही. माझा धाकटा भाऊ प्यायचा. आईने त्याला माळ घालायला लावली. माळ एकट्याच्या गळ्यात असते, पण टिकते ती दिंडीमुळे. त्याची दिंडी वर्षातून एकदा निघे आणि बार रोज उघडत. भावजय कुणीतरी दिलेली पूड आमटीत कालवू लागली. (हे कोणीही करू नका. अशा औषधात डिसल्फिराम असले आणि न सांगता पोटात गेलेल्या त्या औषधावर दारू पडली, तर जीव जाऊ शकतो.) शेवटी पुण्याला एका केंद्रात महिनाभर राहून तो चांगला होऊन आला. आला तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत.

तेव्हा शेजारच्या एका कन्नड मास्तरांनी मला बाजूला घेतले. "सर, शनिवारी आमची मीटिंग असते. भावाला पाठवून द्या की. मीपण त्यातलाच."

मी विचारले, "तिथं बोलतात कुठल्या भाषेत?"

"जास्ती कन्नडच."

मी भावाला सांगितलेच नाही. एक नोव्हेंबरच्या फेरीत आम्ही दोघे वर्षानुवर्षे एकत्र चाललेलो. त्याने आपले दुःख कन्नडात का सांगावे, हा माझा ताठा. बाटली मागताना त्याला कन्नड येत होते, हे मला तेव्हा सुचले नाही. चार महिन्यांनी त्याने पहिला प्याला घेतला. त्यानंतर दीड वर्षाने आम्ही त्याला सदाशिवनगरला पोचवून आलो.

कोणी म्हणेल, रडायला मातृभाषाच लागते. खरे आहे. मग मराठी मीटिंग काढा! दोन वर्षांपूर्वी मी एका वाचनालयात आठवड्याला एक तास जागा मागायला गेलो. उत्तर मिळाले, "दारुडे येऊ लागले तर बायकामुली यायच्या बंद होतील." अहो, पिणारे तुमच्याकडे आजही येतात, पेपर वाचतात, कार्यकारिणीवरसुद्धा बसतात. मीटिंगला येणारा तो, ज्याला आज प्यायचे नाही. त्याचीच तेवढी भीती? पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवीत होते, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. त्यांच्या देणगीच्या आधाराने अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, हे सांगताना मात्र आमची जीभ अडखळते. धर्मस्थळच्या संस्थेची मद्यवर्जन शिबिरे कर्नाटकातल्या खेड्यांतून उघड्यावर भरतात. नंतरच्या पाठपुराव्यासाठी 'नवजीवन समित्या' असतात. त्यांची अब्रू गेल्याचे ऐकिवात नाही.

मराठी मीटिंग निघेतो कन्नड चालेल, कोकणी चालेल, हिंदी चालेल. जागा कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती फोन आहे, पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही विचारावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोनचार दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावतोही. आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि तो गेला नाही तरी घरच्या बाईने अल-ॲनॉनला जायला त्याची परवानगी लागत नाही.

वाचनालयाला मी पुन्हा अर्ज दिला आहे. वर्षाचे भाडे आगाऊ भरतो, खुर्च्या आम्हीच उचलून ठेवू, असे त्यात लिहिले आहे. ते कन्नड मास्तर म्हणतात, "पहिल्या मीटिंगला मी येतो, सर. मराठीत बोलतो."