जंतूंच्या कपाटाला कुलूप हवेच

भालकीच्या एका सभेत परवा एका विद्वान गृहस्थांचे भाषण ऐकले. जैवसुरक्षा हे म्हणे श्रीमंत देशांनी उठवलेले भूत. बीदर-कलबुर्गीत चोरण्याजोगे आहेच काय? नोंदवह्या वाढल्या की संशोधक बेजार होतो. ज्ञान मोकळेच असावे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला राग आला तो त्या टाळ्यांचाच.

श्रीमंतांचे भूत? मग १९३३ सालची गोष्ट ऐका. पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या विनयेंद्र पांडेला सावत्र भाऊ अमरेंद्र इस्टेटीच्या वाटणीत नको होता. त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य. प्लेगवर औषध सापडले आहे, ते तपासायला जिवंत जंतू हवेत, असे सांगत तो दारोदार फिरला. मुंबईच्या हाफकिन संस्थेने आधी परवानगी आणा म्हणून अडवले. अखेर मुंबईच्याच आर्थर रोड रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून त्याला काम करू दिले गेले. २६ नोव्हेंबरला हावडा स्टेशनच्या गर्दीत अमरेंद्रच्या दंडाला सुई टोचली. डिसेंबरात तो गेला. त्याच्या रक्तात प्लेगचे जंतू सापडले. दोघांना फाशी सुनावली गेली, पुढे उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. या कथेत परदेशी हेर नाही, अब्जाधीश नाही. एक डॉक्टर, एक थाप आणि त्या थापेवर विश्वास ठेवणारी भली माणसे, एवढ्यावर खून झाला. हाफकिनमध्ये परवानगी मागणारा कोणी होता, म्हणून तिथे त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. वक्ते ज्या कागदाला जाच म्हणतात, तो हाच कागद.

चोरण्याजोगे काय, म्हणता? फाशी रोगाने बैल दगावला आणि कातड्यासाठी कोणी त्याला फाडले, तर त्या जंतूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्याच जंतूची पूड पत्रांतून धाडल्याने २००१ साली अमेरिकेत पाच माणसे मेली. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, कलबुर्गीत वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आजारी माणसा-जनावरांचे नमुने तिथे येणारच.

‘आपल्याकडे कशाला येईल’ हे पालुपद आम्ही २०२० सालीही ऐकले. करोनाने देशात नोंदलेला पहिला मृत्यू १० मार्च २०२० चा, आणि तो रुग्ण कलबुर्गीचाच होता. सौदीहून परतलेला, उपचारासाठी हैदराबादला नेलेला. तरी तेच पालुपद पुन्हा!

ज्ञानाच्या मोकळेपणाबद्दल एवढेच सांगतो: लस कशी करावी हे ज्ञान मोकळे असू द्या, जंतूची कुपी आणि तो अधिक घातक करण्याची कृती नको. कॅनडातल्या संशोधकांनी मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून देवीच्या विषाणूचा एक नातलग जुळवला आणि ते २०१८ साली छापलेही. त्यावर जगभर वाद झाला, तो उगाच नव्हे.

मग करावे काय? मागणी फार मोठी नाही. धोक्याच्या जंतूंच्या कपाटाला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. प्रत्येक कुपीची नोंद. जंतू मागणाऱ्याची, त्याच्या संस्थेची आणि कामाची खातरजमा. कर्नाटक-महाराष्ट्र-तेलंगणाच्या वेशीवर अचानक जनावरे दगावली, तर तिन्ही राज्यांच्या पशुवैद्यांना त्याच दिवशी कळावे. भारताने जैविक अस्त्रबंदीचा करार १९७४ सालीच मान्य केला. त्यातले आपल्या गावापुरते काम एवढेच आहे.

वाचकहो, आपल्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत एकदा जाऊन विचारा: या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?