काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे

ताइफमध्ये राहत असाल तर खरा पियानो घेऊ नका. प्रश्न तिथल्याच एका मराठी घरातून आला आहे. मुलीला पियानो शिकायचाय, वडील पेटी वाजवतात, घरात छोटा स्टुडिओ करायचा आहे आणि जेद्दात एक जुना उभा पियानो बऱ्या किमतीत मिळतो आहे. तो घ्यावा, की लॅपटॉपवर पियानोचे सॉफ्टवेअर? माझे उत्तर पहिल्याच वाक्यात आले आहे. कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील, कारण त्यातले एक नेहमीचे नाही.

आधी नेहमीचे. जेद्दा समुद्राकाठी, हवा दमट. ताइफ सरवात डोंगररांगेवर, सुमारे एकोणीसशे मीटर उंचीवर, आणि उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत. अल्-हदाचा घाट चढून पियानो वर आला की त्याचे लाकूड ओल सोडू लागते. ध्वनिफलक आकसतो, त्याचा फुगवटा बसतो, तारांवरचा ताण सैलावतो आणि सूर उतरतात. मधला पट्टा जास्त, टोकांचे कमी. म्हणजे नुसता उतरत नाही, वेडावाकडा उतरतो. वर्षातून दोनदा ट्यूनर बोलवायची तयारी असेल आणि खोलीतला दमटपणा सांभाळणार असाल तर गोष्ट वेगळी. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नोकरीचा करार दर वर्षी नवा होत असताना, तेवढी हौस कोणाला परवडते?

दुसरे कारण माइकचे. खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रण म्हणजे दोन चांगले माइक आणि शांत खोली. ताइफच्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर, फरशीचा घुमारा आणि दिवसातून पाच वेळा अजान. अजानच्या वेळी वाजवणे थांबवावे, हे शेजारधर्म म्हणूनही बरे. पण मुद्रणात ती उतरू नये यासाठी सगळे वेळापत्रक तिच्याभोवती आखायचे म्हणजे काम होतच नाही. व्हर्च्युअल पियानोत माइकच नसतो. कीबोर्डवरून फक्त निरोप जातो: कोणती पट्टी, किती जोराने, कधी सुटली. मिडी नावाची ही भाषा १९८३ पासून चालत आली आहे. तो निरोप जपून ठेवला की वर्षभराने पियानो बदला, वादन तेच राहते.

आता निवड. बाजारात दोन घराणी आहेत. पहिल्यात खऱ्या पियानोची एकेक पट्टी वेगवेगळ्या जोराने वाजवून ती मुद्रणे साठवलेली असतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत यामाहाचा सीएफएक्स मुद्रित करून गॅरिटनने जो संच काढला, तो पूर्ण उतरवला तर शंभर जीबीच्या वर जागा खातो. ‘कीस्केप’ही त्याच चणीचा. दुसऱ्या घराण्यात मुद्रण नसतेच. हातोडी, तार, लाकूड यांचे गणित मांडून आवाज तिथल्या तिथे घडवला जातो. तुलूझच्या मोदार्त कंपनीचे ‘पियानोटेक’ हे त्यातले ठळक नाव. त्याचे जनक फिलिप गियोम आधी पियानो दुरुस्त करून सुरात लावणारे कारागीर आणि नंतर गणिताचे प्राध्यापक. पियानोटेकला एक जीबी जागाही लागत नाही.

चर्चा नेहमी इथे अडकते: मुद्रणवाला खरा वाटतो, गणितवाला जरा काचेचा. ते खोटे नाही. एकट्या पियानोची संथ रचना, हेडफोन लावून, रात्री ऐका. ॲबी रोडची हवा त्या नमुन्यांत आहे आणि ती गणितातून तशीच्या तशी येत नाही. पण गाण्याच्या मागे, तबल्याच्या शेजारी, हा फरक ओळखून दाखवणारा कान मला फारसा भेटलेला नाही. जीबी मोजून पियानो निवडणे म्हणजे वजनावर साडी घेणे.

ताइफसाठी, आणि पेटी वाजवणाऱ्या घरासाठी, मी दुसरीच कसोटी लावतो: या पियानोचे सूर मला हलवता येतात का?

असे का, ते समजायला ताइफची वीज ऐका. सौदीत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. अर्थिंग नीट नसले की स्पीकरमधून जी गुणगुण येते ती याच कंपनाची किंवा त्याच्या दुपटीची. पांढरी सहा ४४० ला लावलेली असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण आपल्या घरी खालच्या पांढरी पाचच्या थोडी वर बसते. ताइफमध्ये मात्र गंमत आहे. खालची काळी पाच ५८.३ हर्ट्झवर, पांढरी सात ६१.७ वर आणि भिंतीतला सूर बरोब्बर दोघींच्या मधे. बारा पट्ट्यांच्या पियानोवर तो कुठेच नाही. अरबी संगीतात मात्र त्याला घर आहे: इराक नावाच्या मकामाचा, म्हणजे तिथल्या रागाचा, मुक्काम कागदावर नेमका याच अर्ध्या उतरलेल्या स्वरावर लिहितात.

(गुणगुण घालवायची असेल तर आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. थांबली, तर दोष बहुधा भारतातून नेलेल्या चार्जरला लावलेल्या दोन पिनी अडॅप्टरचा. तीन पिनांचा घ्या.)

ताइफ हे संगीताच्या नकाशावरचे किरकोळ गाव नाही. सौदी संगीताचे आद्य रचनाकार मानले जाणारे तारिक अब्दुलहकीम इथलेच. सैन्यात होते, इजिप्तमध्ये शिकून आले आणि लष्करी बँडला स्वरलिपी दिली. गायक तलाल मद्दाह इथेच वाढले. डफांच्या तालावरचे ‘मजरूर’ हे या गावाचे स्वतःचे लोकगान. या दोघांच्या हातातले वाद्य ऊद, आणि ऊदला पडदे नसतात. बोट जिथे ठेवाल तिथे स्वर. रास्त मकाम घ्या. आपल्या कानाला तो आधी बिलावल वाटेल: सा रे, मग ग. पण हा ग शुद्धही नाही नि कोमलही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी. नि तसाच. शेजारचा ऊदवाला आला आणि मुलीने पियानोवर साथ धरली, तर तिसऱ्याच स्वराला दोघे एकमेकांकडे बघतील.

हा तंटा जुना आहे. १९३२ मध्ये राजा फुआदने कैरोत अरबी संगीताची परिषद भरवली. बार्टोक, हिंडेमिट असे युरोपीय पाहुणे होते आणि वादाचा एक मोठा विषय होता पियानो: अरबी संगीतात त्याला येऊ द्यावे की नाही? पाव स्वर वाजवणारे खास पियानोही तिथे दाखवले गेले. लाकडात ते जमवायचे तर जादा तारा, जादा यंत्रणा आणि बोटांना नवे वळण. प्रकरण फार पुढे गेले नाही.

कैरोच्या वीस वर्षे आधी हीच खटपट सांगलीकडे झाली होती. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. मुंबई इलाख्यातले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्या गणितावर श्रुतींची पेटी घडवायचे मनावर घेतले आणि ती लंडनच्या मूर अँड मूरने बांधली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती गायकांपुढे आली, पण पटली नाही. साधी पेटीही मग कचाट्यात सापडली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार लावले ते तीन दशकांनी किलकिले झाले. आमच्या नाटकवाल्यांनी मात्र पेटी आणि ऑर्गन कधी सोडले नाहीत. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाताखाली त्या बारा पट्ट्यांतून जे निघाले, ते ऐकून श्रुतीचा हिशेब मागायला कोणी उठले नसेल. अलीकडे मुंबईच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा केली आणि ती वाजते.

लंडनहून बोटीने वाद्य आणून जे साधले नाही, ते आता चौदा ओळींच्या मजकूर फाइलीत होते. ‘स्काला’ नावाचा हा प्रकार. एका ओळीत नाव, दुसरीत स्वरांची संख्या, मग प्रत्येक स्वर ‘सा’पासून किती सेंट दूर ते एकाखाली एक. एक अर्धस्वर म्हणजे शंभर सेंट. पांढरी एक सा धरून रास्तसाठी लिहायचे ते असे: १००.०, २००.०, ३००.०, ३५०.०, ५००.०, ६००.०, ७००.०, ८००.०, ९००.०, १०००.०, १०५०.०, १२००.०. फाइलीत आकडे इंग्रजी हवेत. दशांशाचा ठिपका गाळू नका. ठिपका नसलेला आकडा प्रोग्राम गुणोत्तर समजतो आणि ३५० पट उंच स्वर शोधायला निघतो. ३५० हा आरंभ आहे, वेद नाही. कैरोचा मधला ग आणि इस्तंबूलचा मधला ग एक नाहीत. ऊदवाल्याला समोर बसवा, आकडा दहा-पाच सेंटनी वरखाली करा आणि तो मान डोलावेल तिथे थांबा.

वडिलांच्या पेटीसाठी वेगळी फाइल. शुद्ध ग ४०० ऐवजी ३८६, कोमल ग ३१६, रे २०४, ध ८८४, प ७०२. तानपुऱ्यावर हा ग धरून पाहा. पियानो तोच, पण खोलीतली कुरकुर थांबते.

पियानोटेकमध्ये अशी फाइल भरण्याची सोय ‘स्टँडर्ड’ आणि त्यावरच्या आवृत्तीत आहे. स्वस्तातली ‘स्टेज’ घेऊन नंतर हळहळू नका. फुकटची चाचणी आवृत्ती आधी उतरवा. ती वीस मिनिटांनी थांबते आणि काही पट्ट्या मुक्या ठेवते, पण फाइल कशी वागते ते कळायला पुरते. पैसेच घालायचे नसतील तर ‘सॅलमँडर’ आहे: यामाहा सी५ चे सोळा पातळ्यांचे नमुने, पूर्ण मोफत. मुलीच्या पहिल्या वर्षाला तो भरपूर झाला. मुद्रणवाल्या घराण्यातही नमुने वाजवणाऱ्या ‘कॉन्टॅक्ट’ या प्रोग्राममध्ये सूर हलवण्याची स्क्रिप्ट मिळते, काम होते, पण बोट घालावे तिथे बटण नसते.

आता दोन खड्डे. गायकाचा सा काळी चारला आहे म्हणून कीबोर्डचे ट्रान्सपोजचे बटण दाबले, की संगणकाकडे सरकलेल्या पट्ट्यांचे क्रमांक जातात आणि तुमचा जपून लावलेला ग भलत्याच जागी उमटतो. ट्रान्सपोज प्रोग्रामच्या आतला वापरा, किंवा फाइलीचा सा तिथेच नेऊन ठेवा. दुसरा खड्डा आखाती बाजारातला. लग्नाच्या हॉलमधून दिसतात ते कॉर्ग-यामाहाचे ‘ओरिएंटल’ कीबोर्ड पाव स्वराच्या बटणांसह येतात. ती बटणे बहुतेक त्याच कीबोर्डच्या पोटातल्या आवाजाला लागू होतात. यूएसबीतून जाणाऱ्या निरोपाला त्यांची खबर नसते.

बाकीची जुळणी फार वेळ खात नाही. पैसा पट्ट्यांवर घाला: अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्या, यूएसबी असलेला डिजिटल पियानो. संगणकाला छोटा ऑडिओ इंटरफेस आणि त्याचाच एसिओ ड्रायव्हर. बफर १२८ ठेवलात तर ४४,१०० च्या वेगाला उशीर सुमारे तीन मिलिसेकंद, म्हणजे आवाजाला एक मीटर चालायला लागतो तेवढा. १०२४ ला तो तेवीसवर जातो आणि बोटे अडखळतात. कडकड ऐकू आली तर २५६. जोराची मोजपट्टी १ ते १२७ असते आणि प्रत्येक कीबोर्डची ढब निराळी, म्हणून वेलॉसिटीची वक्ररेषा मुलीच्या हाताप्रमाणे बसवा, दुकानातल्या तरुणाच्या नव्हे. पेडल उलटे चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर ते बिघडलेले नाही. कंपन्यांचे सरळ-उलटे वेगळे असते. पाय काढून ठेवा, कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू करा, बहुधा सुधारेल. मींड काढायला पिच बेंडच्या चाकाला हात लावू नका. पियानोला मींड येत नाही आणि येते असे भासवले की ती सिनेमातल्या भुतासारखी ऐकू येते.

सूर हलवण्याची किंमतही आहे. वडिलांच्या फाइलीत रे २०४ वर आणि ध ८८४ वर. त्यांच्यातले अंतर ६८० सेंट, शुद्ध पंचमापेक्षा बावीस कमी. एकल सुरावटीत हे कोणाला खटकणार नाही. पण मुलीने त्याच फाइलीत रेवरून मायनर कॉर्ड धरली की ती आंबते आणि दोष तिच्या बोटांना लागतो. तिच्या धड्यांना आणि हिंदी गाण्यांच्या कॉर्डना नेहमीचे समान बारा स्वरच ठेवा. म्हणून प्रीसेट तीन करा: मुलीचा साधा, वडिलांचा गंधार उतरवलेला, ऊदवाल्याचा रास्त. प्रत्येकाच्या नावात सा कुठल्या पट्टीचा तेही लिहा.