दार मिटण्यापूर्वी

तिश्री महिना लागला की बेने इस्राएल समाजाच्या घराघरांतून गव्हाचा चीक काढण्याची लगबग सुरू होते. नारळाचे दूध आणि साखर घालून आटविलेला चिकाचा हलवा ताटात थापला जातो, त्याच्या वड्या पडतात, आणि नव्या वर्षाचे स्वागत गोडाने होते. जगभरचे ज्यू या दिवसाला रोश हशाना म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएलांनी त्यास ‘नव्याचा सण’ म्हटले. महिन्याच्या दशमीस योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपवास येतो. त्याचे जुने मराठी नाव आहे ‘दारफाळणीचा सण’. स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून, दारे मिटून बसावयाचे, अन्नपाण्यास शिवावयाचे नाही, अशी या दिवसाची जुनी रीत होती. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दार उघडावयाचे, दानधर्म करावयाचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भेटी घ्यावयाच्या. ज्या भाषेत आम्ही आमचे सण साजरे करतो, त्याच भाषेने या सणांनाही नावे दिली, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

सणाच्या विशेष पृष्ठावर सणाचे माहात्म्य सांगावे, हा शिरस्ता आहे. आम्ही आज तो थोडा बाजूस ठेवून एका मुलाविषयी लिहिणार आहोत. हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा आहे. घर अलिबाग-पेणकडे, किंवा आणखी दूर. आठवी-नववीच्या शिक्षणासाठी तो वसतिगृहात राहतो. आमच्या मीरा-भाईंदरच्या परिसरात, उत्तनच्या बाजूस निवासी शिक्षणाची सोय आहे, तशीच ती राज्यात शेकडो ठिकाणी आहे. त्यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी तो असू शकेल. त्याचे नाव डॅनियल किंवा सॅम्युएल असते, आडनाव पेणकर किंवा रोहेकर असते, आणि बोलणे अस्सल कोकणी वळणाचे मराठी असते. प्रवेशपत्रिका भरून घेणारा लेखनिक नाव पाहून ‘ख्रिश्चन’ असे लिहून मोकळा होतो. मुलगा खालच्या आवाजात म्हणतो, ‘ज्यू’. मग ‘म्हणजे कोण?’ या प्रश्नापासून त्याच्या वसतिगृहातील आयुष्याला प्रारंभ होतो.

या मुलाच्या वयाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा तेराव्या वर्षी आणि मुलगी बाराव्या वर्षी धर्माचरणास जबाबदार होते. त्या वयापासून दारफाळणीचा पूर्ण उपवास करावयाचा. मुलग्याची गणना त्या वयापासून ‘मिन्यान’मध्ये, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेस परंपरेने आवश्यक असणाऱ्या दहा पुरुषांत होऊ लागते. दहा जण जमले नाहीत तर प्रार्थनेतील काही भाग म्हणताच येत नाहीत. नऊ विद्वान आणि नऊ वृद्ध दाराकडे डोळे लावून बसलेले असावेत आणि दहावा म्हणून तेरा वर्षांचा पोर आत आल्यावर प्रार्थना सुरू व्हावी, असा हा नियम आहे. आणि नेमक्या याच वयात आम्ही मुलांना शिक्षणासाठी घराबाहेर धाडतो. ज्या वर्षी तो समाजाच्या हिशेबात धरला जाऊ लागला, त्याच वर्षी तो समाजाच्या दृष्टीआड झाला!

हे आजचे नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल परंपरेने मानतात. पुढे ते कुलाबा जिल्ह्याच्या गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, मुंबईत नोकऱ्या निघाल्या, आणि मुले बोटीने मुंबईस जाऊ लागली. किहीम गावाचे नाव आडनावात वागविणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने माझगावात प्रसिद्धीस आली. मुलींच्या बाबतीतही हा समाज मागे राहिला नाही. रेबेका रूबेन यांचा जन्म शिमोग्याचा आणि शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनी केहिमकरांची ती शाळा चालविली. डॉ. जेरुशा झिराड यांचाही जन्म शिमोग्याचा आणि शालेय शिक्षण पुण्याचे. आजारी बहीण मुंबईच्या कामा रुग्णालयात बरी झाली, ते पाहून या मुलीने डॉक्टर होण्याचे मनात घेतले. १९१९ मध्ये लंडनची एम. डी. पदवी घेऊन ती परतली आणि पुढे त्याच कामा रुग्णालयाची प्रमुख झाली.

घरापासून दूर जाऊन शिकण्याने या समाजाला असे पुष्कळ दिले. पण जमाखर्च मांडावयाचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. जो शिकावयास गेला, तो गावी क्वचितच परतला. १९४८ नंतर इस्रायलचे दार उघडले आणि बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरातील ज्यूंची संख्या पाच हजारही भरली नाही. अलिबागेत इस्राएल आळी आहे, रेवदंड्यास, पेणला, पनवेलीस प्रार्थनामंदिरे उभी आहेत. परंतु कोकणातल्या गावांत दहा पुरुष जमविणे हे सणाच्या आधीचे एक काम होऊन बसले आहे. कोण मुंबईहून येणार, कोणास रजा मिळाली, कोणाचा मुलगा मोठा झाला, याची चौकशी चालते. त्या चौकशीत आमच्या या वसतिगृहातील मुलाचेही नाव निघते. तो नसला तर नऊच उरतात.

आता पंचांगाची एक गंमत सांगतो. ज्यूंची कालगणना आपल्याप्रमाणेच चांद्र महिन्यांची आणि सौर वर्षाशी मेळ घालणारी आहे. १९ वर्षांत ७ अधिक महिने धरून ते हा मेळ घालतात. त्यामुळे तिश्रीची प्रतिपदा पुष्कळदा आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे येते आणि दारफाळणी दसऱ्याच्या. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी योम किप्पूर आणि विजयादशमी अगदी एकाच दिवशी आली. अशा वर्षी शाळेस आपोआप सुटी असते, आणि एका मुलाने दिवसभर पाणीही घेतले नाही, हे सोने लुटण्याच्या गडबडीत कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु दोन्ही पंचांगांतील अधिक महिना एकाच वेळी येत नाही. मग २०२३ सारखे वर्ष उगवते. त्या वर्षी योम किप्पूर २५ सप्टेंबरला, सोमवारी, ऐन गणेशोत्सवात आला. अशा वर्षी आरतीनंतर सर्वांच्या हातावर मोदक पडत असता एकाने हात मागे घ्यावयाचा, आणि का, ते सांगत बसावयाचे. आणि भाद्रपद असो वा अश्विन, सहामाही परीक्षेची छाया या दिवसांवर बहुधा असतेच.

वसतिगृह ही संस्था महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहे उभारण्यास हात दिला. ज्याला शहरात कोणी दारात उभे करीत नव्हते, त्याला स्वतःच्या समाजाचे तरी छप्पर मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास दुसरी वाट धरली. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील आणि एका पंक्तीत जेवतील, असे त्यांनी ठरविले व करून दाखविले. मूठभर ज्यू समाजाला पहिली वाट परवडणारी नाही; त्यांच्या मुलास भाऊरावांच्याच पंक्तीस बसावयाचे आहे. तो आनंदाने बसतो. परंतु सर्वांची पंक्ती म्हणजे बहुसंख्यांचे पंचांग, असा अर्थ होत गेला तर भाऊरावांनी मोडलेली भिंत दुसऱ्या जागी पुन्हा उभी राहील.

आमच्या मीरा-भाईंदरला हे समजावून सांगावे लागू नये. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणारे जैन विद्यार्थी येथे घरोघर आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही गृहपालास वेगळा ठराव करावा लागत नाही. रमजानात मीरा रोडच्या मुलांचे डोळे दुपारी जड झाले तर शिक्षक समजून घेतात. उत्तन-डोंगरीची मुले नाताळास घरी असणार, हे गृहीतच असते. संख्येने मोठ्या असणाऱ्यांची सोय सवयीनेच होऊन जाते. कसोटी लागते ती एकट्याच्या बाबतीत.

जेवणाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. शाकाहारी वसतिगृहात ज्यू मुलाची अर्धी अडचण आपोआप सुटते. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून तर त्याच्या आईच्या रश्श्यात नारळाचे दूध असते. मासळी असली तर खवले आणि पर असलेली चालते. कोलंबी व खेकडा वर्ज्य. हे एकदा स्वयंपाक्यास सांगितले की संपले. शुक्रवारी सायंकाळी शब्बाथ सुरू होतो. त्यासाठी लागते ते काळ्या मनुका भिजवून काढलेले शरबत. ते तर पाण्याच्या पेल्यातही होते. पाहणाऱ्याला वाटते पोराला खोकला झाला आहे! शनिवारचा प्रश्न मात्र खरा आहे. शास्त्राप्रमाणे त्या दिवशी लिहिणेदेखील चालत नाही, आणि शाळा तर भरलेली असते. परंतु या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी रेल्वेत, पलटणीत, कचेऱ्यांत नोकऱ्या करताना शनिवारची तडजोड पत्करली. एका मुलासाठी सगळ्या शाळेचे वेळापत्रक फिरवा, असे आम्हीही म्हणणार नाही, आणि त्याचे आईबापही म्हणत नाहीत.

आमचे मागणे एका दिवसापुरते आहे, आणि ते अगदी व्यवहाराचे आहे. ज्यूंचा दिवस सूर्यास्तास सुरू होतो. दारफाळणीचा उपवास आदल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी धरावयाचा आणि दुसऱ्या दिवशी रात्री तारे दिसल्यावर सोडावयाचा. हे सुमारे २५ तास होतात. या काळात वाहनाने प्रवास करू नये, असे शास्त्र आहे. वसतिगृहाचा पास असतो सकाळी ९ पासून सायंकाळी ६ पर्यंत! म्हणजे मुलगा प्रार्थना सुरू झाल्यावर पोहोचणार आणि शेवटची प्रार्थना होण्याच्या ऐन वेळी उठून निघणार. त्या शेवटच्या प्रार्थनेचे नाव ‘नेइला’. त्याचा अर्थच दार मिटणे. वर्षभराचा न्याय लिहिला जाऊन स्वर्गाचे दार मिटण्याची ती घटका. तेव्हा मुलाला एक पूर्ण रात्र आणि एक पूर्ण दिवस द्यावा, आदल्या दुपारी जाऊ द्यावे, तिसऱ्या दिवशी सकाळी परत घ्यावे. पुष्कळ ज्यू कुटुंबे प्रवासाच्या बाबतीत आज तडजोड करतात, हे खरे. पण ती करावी की नाही, हे त्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावे. पासावरच्या वेळेने ते ठरू नये.

ज्यास घर गाठणे शक्य नाही, त्याला ठाणे जवळ आहे. तेथील १८७९ सालच्या प्रार्थनामंदिराचे नाव शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गद्वार. भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने तेथे जाता येते. रात्री मुक्कामास कोणा ज्यू कुटुंबाचे घर अगोदर ठरवून ठेवले की झाले. परगावच्या पोराला या समाजात अशा दिवशी जागा मिळत नाही, असे होणार नाही. आणि परीक्षा त्याच दिवशी आली, तर तेवढा एक पेपर दुसऱ्या दिवशी घेण्याचा अधिकार मुख्याध्यापकांस असतो. तो वापरण्यासाठी वरून परिपत्रक यावयाची वाट पाहू नये. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, त्यामुळे अर्जावर लिहावयास एक आधारही झाला आहे.

काही कारणाने त्याला जाता आलेच नाही, तर निदान त्या दिवशी त्याला कवायतीस उभे करू नये, आणि ‘थोडे पाणी घे रे, कोण पाहते आहे?’ असा आग्रह धरू नये. ताप आला, भोवळ आली, तर मात्र गृहपालांनी मुळीच न कचरता त्याला खाऊ-पिऊ घालावे. जीव धोक्यात असता उपवास मोडणे हेच त्या धर्मात कर्तव्य मानले आहे. आणखी एक. सौजन्याच्या उत्साहात त्याला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावर उभे करून ‘आपल्या धर्माविषयी बोल’ असे कृपा करून सांगू नये. वर्गात एकटाच वेगळा आहोत, याचे ओझे चौदाव्या वर्षी काय असते, हे आपण सर्वांनी कधी ना कधी अनुभवलेले असते. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा तो खाटेवर बसून शेजारच्या मित्राशी बोलेल.

बेने इस्राएलांत ‘हातबोशी’ची एक सुंदर रीत आहे. प्रार्थनामंदिरात एकमेकांचे हात हातांत घ्यावयाचे आणि मग आपली बोटे ओठांना लावावयाची. थोरांकडून लहानांकडे, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर ती जात राहते. वर्षभर वसतिगृहात राहिलेल्या मुलाचे हात त्या सायंकाळी दहा-वीस वडीलधारे हातात घेतील, ‘कितवीला आहेस? जेवण बरे मिळते का?’ असे विचारतील, आणि हजान त्याला पुढच्या रांगेत बोलावतील. रात्री तारे दिसल्यावर कोणाच्या तरी घरी त्याचा उपवास सुटेल. शिळ्या सणाच्या सकाळी तो घोडबंदर रस्त्याने परत निघेल, तेव्हा पिशवीत चिकाच्या हलव्याचा डबा असेल. तो डबा वसतिगृहात पोहोचल्यावर किती वेळ टिकेल, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणासही आम्ही सांगावयास नको.