विश्लेषण : ‘भांडणे लावणारी’ कळलावी बागेत लावावी का?

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायवाटांवर, शेताच्या कुंपणावर ज्वाळेसारखे लाल-पिवळे फूल दिसते, ती कळलावी. तिलाच अग्निशिखाही म्हणतात. आता तिचे कंद ऑनलाइन विकत मिळतात आणि गच्चीवरच्या कुंडीतही ती फुलते. पण घरात आणण्याआधी तिची ओळख करून घेतलेली बरी.

ही वेल वेगळी कशी?

चढण्यासाठी हिला वेगळे तणावे फुटत नाहीत. पानाचे टोकच लांबते, कुरळे होते आणि आधाराला वेटोळे घालते. फुलाच्या सहाही पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. उमलताना हिरवट-पिवळे असलेले फूल काही दिवसांत लालभडक होते. तमिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आपल्याकडे मात्र ती घरात आणली की भांडणे लागतात, अशी समजूत आहे. नावाचा दुसरा अर्थ प्रसूतीच्या कळा लावणारी. पूर्वी त्यासाठी तिचा कंद वापरत. आज हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

मग खरा धोका कोणता?

भांडणांचे सोडा, विषाचे बघा. वेलीचे सर्वच भाग विषारी असून कंद आणि बिया सर्वाधिक घातक आहेत. त्यांतले कोल्चिसिन ‘गाऊट’वर औषध म्हणून वापरतात, पण मिलिग्रॅममध्ये मोजून. कंद रताळे समजून खाल्ल्याने मृत्यू झाले आहेत. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेवर परिणाम होतो. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला, असे नाही. तातडीने रुग्णालय गाठावे आणि वेलीचा तुकडा डॉक्टरांना दाखवावा. घरात रांगते मूल किंवा दिसेल ते चावणारे कुत्रे असेल, तर ही वेल नकोच.

लावायचीच असेल तर?

मे-जूनमध्ये, हातमोजे घालून. कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात ती ‘लांगली’. टोकाचा कोंब मोडला तर कंद वाया जातो. रानातून उपटून आणू नये. बीपासून फुलापर्यंत पोहोचायला तिला काही वर्षे लागतात. लागवडीतला कंदच घ्यावा. पावसाळा सरला की वेल वाळते. ती मेली समजून अनेक जण कुंडी रिकामी करतात. पाणी बंद करून कुंडी कोरड्या जागी ठेवावी, वर ‘विषारी कंद’ अशी चिठ्ठी लावावी. पुढच्या पावसात कंदातून नवा कोंब येतो.