दमा घराण्यातला की चुलीतला?

१९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तद्रवातील प्रथिने विद्युत्प्रवाहाच्या साह्याने कागदाच्या पट्टीवर विलग करून तपासत असता, काही मोजक्या पट्ट्यांवर एका ठराविक जागी जी रेघ उमटावयास हवी ती उमटलेलीच नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली; आणि स्टेन एरिक्सन या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने त्या रुग्णांची दप्तरे काढून पाहिली तेव्हा असे आढळले की, अशा पाच जणांपैकी तिघांची फुफ्फुसे ऐन उमेदीच्या वयातच झिजून विरविरीत झालेली होती. श्वसनविकारांच्या आनुवंशिकतेचा शास्त्रशुद्ध अभ्यास या न उमटलेल्या रेघेपासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

ती रेघ ज्याची, ते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन यकृतात तयार होते आणि रक्तातून फुफ्फुसात जाऊन तेथे रखवाली करते; म्हणजे श्वेतपेशी जंतूंशी झुंजताना जे पाचक द्रव्य सोडतात, ते फुफ्फुसाच्याच ऊतींवर उलटू नये याची तजवीज ते ठेवते. चौदाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एका अक्षराचा फेर पडला की हे प्रथिन वेडेवाकडे वळते, यकृतातच अडकून पडते आणि फुफ्फुस उघडे राहते. अशा माणसाने विडी ओढली तर त्याचा ऱ्हास किती वेगाने होतो ते निराळे सांगावयास नको. हा दोष प्रामुख्याने उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, आपल्याकडे तो विरळा आहे.

परंतु इतका सरळ वारसा हा अपवादच होय. लेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ५,८०,८६९ व्यक्तींच्या श्वासाची मापे आणि त्यांची जनुके यांचा मेळ घालण्यात आला, तेव्हा फुफ्फुसाच्या शक्तीशी संबंध असलेल्या १,०२० खुणा हाती लागल्या. त्यांतल्या एकेकीचा प्रभाव अगदी अल्प; मात्र या जातीच्या संशोधनातून पुढे आलेली कित्येक जनुके गर्भावस्थेत श्वासनलिकांना फाटे फुटण्याच्या कार्याशी निगडित आहेत, आणि म्हातारपणी लागणाऱ्या धापेचा पाया आईच्या उदरात घातला जातो हे त्यावरून दिसते, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. या विद्वानांचे परिश्रम वंदनीय आहेत. तथापि त्या ५,८०,८६९ मध्ये युरोपीय वंशाच्या व्यक्ती ४,६८,०६२ आणि दक्षिण आशियाई वंशाच्या अवघ्या ४,२७०, म्हणजे शेकडा एकही नाही! आणि दीर्घकालीन श्वसनविकारांनी जगातील माणसांची निरामय आयुष्याची जी वर्षे २०१६ साली हिरावून घेतली, त्यांपैकी ३२ टक्के, जगाच्या लोकसंख्येत १८ टक्के असलेल्या एकट्या भारताची होती.

या विषमतेने केवळ ज्ञानाचीच हानी होते असे नाही. श्वासाची तपासणी ज्यांनी करवून घेतली आहे त्यांना ठाऊक असेल की, नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरावयास सांगतात, छाती भरून श्वास घ्यावयास लावतात, आणि मग आतला वारा सरेपर्यंत जोराने फुंकावयाचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकंदर किती, यांवरून निदान ठरते. पण निरोगी माणसाने किती फुंकावे हे ठरविताना, माणूस आशियाई म्हटला की अपेक्षेत चार ते सहा टक्के आणि कृष्णवर्णीय म्हटला की दहा ते पंधरा टक्के कपात करण्याचा शिरस्ता अमेरिकेत वर्षानुवर्षे चालला. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. सॅम्युअल कार्टराइट नामक वैद्याने गुलामांचे श्वास मोजून त्यांची फुफ्फुसे जन्मतःच उणी असल्याचा निर्वाळा दिला आणि त्यावरून गुलामगिरीचे समर्थन केले. अर्धपोटी माता, धूर आणि कष्ट यांचा हिशेब त्याने केला नाही. वंशानुसार कपातीचा हा शिरस्ता मोडण्याची शिफारस अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने केली ती २०२३ साली.

आपल्याकडेही "आमच्या घराण्यातच दमा आहे" हे वाक्य डॉक्टरांपुढे नित्य उच्चारले जाते, आणि पुष्कळदा तेथेच चौकशी संपते. ज्या घरात सासूला धाप लागते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी सुनेलाही लागते, त्या घरात त्या दोघींचे रक्ताचे नाते काही नसते. एकीकडून दुसरीकडे आली ती चूल, फुंकणी, गोवऱ्या आणि पावसाळ्यातले ओले सरपण. विडीला आयुष्यात कधी हात न लावलेल्या या बायांच्या विकाराला घराण्याचे नाव देणे म्हणजे त्यांच्यावरचा अन्याय कायम करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी जनुकांच्या अभ्यासाविरुद्ध ही कैफियत मांडीत नाही. एकाच चुलीपुढे जन्म घालवलेल्या दोन जावांपैकी एक धापा टाकते आणि दुसरी ठणठणीत राहते, हा भेद कशाने पडतो ते जनुकेच सांगतील. फक्त ती आपल्या माणसांची तपासली पाहिजेत, आणि धुराच्या हिशेबासकट. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच उलगडून २०२५ च्या जानेवारीत ते संशोधकांना खुले केले, हे फार चांगले झाले. यापुढची नोंदणी होईल तेव्हा प्रत्येक नमुन्यासोबत फुंकण्याची तपासणी व्हावी, घरात सरपण कोणते जळते आणि किती वर्षे जळले, जन्माच्या वेळी वजन किती होते, याचा तपशील लिहिला जावा. पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गावोगावच्या कुटुंबांची नोंद वर्षानुवर्षे चालविली आहे. अशा केंद्रांकडे हे काम सरकारने पुरेशा निधीसह सोपवावे. आणि रक्ताचा नमुना देणाऱ्या बाईला तिच्या फुफ्फुसाचा निकाल, तिला वाचता येईल किंवा वाचून दाखविता येईल अशा मराठीत, त्याच महिन्यात तिच्या हाती मिळावा.