थंडीतली डिझेल गाडी : जाळ नको, तयारी हवी



गेल्या हिवाळ्यात बडनेऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याचा पुतण्या चिखलदऱ्याला स्ट्रॉबेरी आणायला छोटा ट्रक घेऊन गेला. मुक्काम वरच पडला. पहाटे माल भरून झाला आणि सातला मला फोन आला, "साहेब, गाडी काही केल्या सुरूच होऊन नाही राहिली." दहा-दहा वेळा स्टार्टर मारून बॅटरी उतरली होती. मग क्लीनरने इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली काडीकचरा पेटवला. जाळ डिझेलच्या गळक्या नळीपर्यंत गेला. माती टाकून तो विझवला म्हणून ट्रक वाचला; पण नळी जळाली, पोराचा हात भाजला आणि दुपारपर्यंत माल नरमला.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. दाबल्याने हवा तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. इंजिन थंडगार असले की लोखंडच ती उष्णता शोषून घेते. त्यात इंजिनचे तेल घट्ट झालेले, बॅटरीचा जोरही कमी. म्हणजे ओझे वाढले आणि बैल थकला! उंचीवर हवाही विरळ असते. सुमारे ११०० मीटरवरच्या चिखलदऱ्याला फरक थोडा. पण लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असतो.

चिखलदऱ्याच्या थंडीत डिझेल गोठत नाही. तिथे दोष बहुधा जुन्या बॅटरीचा, सैल टर्मिनलचा किंवा डिझेलमधल्या पाण्याचा. ट्रक उत्तरेकडे डोंगरात जाणार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कडक थंडीत डिझेलमधले मेण साकळते आणि फिल्टर तुंबतो. आपल्याकडील उन्हाळी डिझेलचा गोठणबिंदू १५ अंशांपर्यंत चालतो, हिवाळी डिझेलचा ३ अंशांपर्यंत. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल काढले. म्हणून घरून टाकी गच्च भरून नेऊ नये. वर पोचल्यावर तिथल्या पंपावर भरावी.

आता ध्यानात ठेवायच्या गोष्टी :

१) निघण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्या. टर्मिनल घासून घट्ट करा. फिल्टरखालचे पाणी काढा.

२) इंजिनचे तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच नंबरचे घाला.

३) रेडिएटरमध्ये नुसते पाणी नको. कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घातल्यास मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही.

४) रात्री गाडी वाऱ्याच्या आडोशाला लावा. टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दव धरत नाही.

५) पहाटे दिवे, पंखा बंद ठेवा. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा. गिअर न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबलेला. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदच मारा आणि मग एक-दोन मिनिटे विसावा द्या. तीन-चार वेळा करून जमले नाही तर थांबून कारण शोधा.

६) सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नका. दोन-चार मिनिटे मंद चालू द्या आणि इंजिन तापेपर्यंत हळू हाका.

७) इथरचा फवारा हीटर असलेल्या इंजिनात मारू नका, स्फोट होतो. जाळ तर कधीच नको. ताठरलेल्या फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे.

८) डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी सवय सोडा. पंप झिजतो, एप्रिल २०२० नंतरच्या नव्या गाड्यांची धूर शुद्ध करणारी यंत्रणाही बिघडते. या गाड्यांपैकी बऱ्याच ट्रकांत युरियाचे द्रावण लागते. ते उणे ११ अंशांला गोठते. पण गाडी सुरू झाल्यावर तिच्यातलाच हीटर ते वितळवतो, म्हणून घाबरू नये. शेतातला युरिया पाण्यात कालवून मात्र त्यात ओतू नका. एकाने ते करून पाहिले आणि त्याला मोठा भुर्दंड बसला!

त्या पुतण्याने यंदा नवी बॅटरी घातली आहे. हात बरा झाला, पण डाग राहिला. वाहन दारात उभे असेल, तर कापसाच्या गाड्या सुरू होण्याआधी एक रविवार त्याच्यासाठी काढा. बैलाच्या खुराकडे आपण पाहतोच ना?

तूर्त एवढेच. भेटू पुढच्या अंकी.