सूर गोड, हेतू कोणता?

आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू होण्याआधी वाजणारी तंबोरा-व्हायोलिनची धून रामाकोना परिसरातील जुन्या घरांना पाठ आहे. ती बांधण्याचे श्रेय सामान्यतः वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला दिले जाते. १९३४ साली ते युरोप सोडून मुंबईत आले व पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. असा गुणी माणूस घरदार सोडून इकडे का आला, हे आपल्या तरुणांनी जाणून घ्यावे, असे आम्हास वाटते.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स याने गायक-वादकांसाठी सरकारी संस्था काढली. सभासदत्व नाही, तर धंदा नाही! ज्यू कलावंतांची रोजी अशी कागदावरच संपली. सोबत स्वस्त रेडिओ घरोघरी पोहोचवले गेले. नुसत्या भाषणांना लोक कंटाळतात, हे गोबेल्सने ओळखले होते. म्हणून गोड गाणी भरपूर आणि त्यांच्या आडून द्वेषाचा प्रचार. १९३६ मध्ये लाइपझिगमधील संगीतकार मेंडेल्सोनचा पुतळा हटवला गेला. गुन्हा एकच, जन्म ज्यू कुळातला. १९४४ च्या जूनमध्ये तेरेझीनच्या बंदिस्त वस्तीत रेडक्रॉसच्या पाहुण्यांना ज्यू मुलांची संगीतिका दाखवून सारे आलबेल असल्याचे भासवले गेले. तिचे संगीतकार हान्स क्रासा यांना त्याच वर्षी ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले.

आपल्याच राज्यातील खंडव्याच्या किशोरकुमारांनी आणीबाणीत सरकारी प्रचाराला सहकार्य नाकारले, तेव्हा १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. याची हिटलरशाहीशी बरोबरी होऊ शकत नाही. तिथे लाखोंचे प्राण गेले. पण सत्तेला गाण्याची भीती वाटते आणि गरजही लागते, एवढे यातून दिसते.

आज रेडिओची जागा मोबाईल व डीजेने घेतली आहे. मिरवणुकीत आपली पोरे ठेक्यावर नाचतात, शब्दांकडे कोणाचे लक्ष नसते. त्या शब्दांत कधी शेजारच्या समाजाचा अपमान असतो. समाजबांधवांनो, या राज्यात आपणही संख्येने थोडे आहोत. आज दुसऱ्यावर रचलेले गाणे उद्या आपल्यावर रचायला कितीसा वेळ लागणार?

आम्ही सरकारी बंदी मागत नाही. याद्या करून गाणी बंद करणे हा गोबेल्सचाच मार्ग. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या मंडपात काय वाजते ते मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आधी नीट ऐकावे. शेजाऱ्याला खाली मान घालावी लागेल असे गाणे असेल, तर वर्गणी कोणीही दिलेली असो, 'हे इथे वाजणार नाही' असे स्पष्ट सांगावे. हे सांगण्यास ना कायदा लागतो, ना पोलीस. घरातील वडीलधाऱ्यांनी पुढे व्हावे, तरुण ऐकतील.